रस्त्यापलीकडचं गरम पाणी

"एवढी ऊब वाऱ्यावर सोडायची आणि पलीकडे बाळंतिणींनी गार पाण्यानं अंग धुवायचं, हे बरं दिसतं का मालक?"

भाऊजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा, आवाज कापडगिरणीच्या भिंतीतून थेट तिला लागून असलेल्या आमच्या खोलीत आला. मी चादर टाचत होते. सुई तशीच धरली आणि कान लावला.

भाऊजी गिरणीत इंजिन सांभाळायचे. गिरणी आपली वीज आपणच करायची, आणि इंजिनाची अर्धी ऊब नुसती धुराड्यातून जायची. समोर रस्त्यापलीकडे प्रसूतिगृह. तिथलं पाणी तापवायचं यंत्र म्हातारं, रुसकं. भाऊजींनी धुराड्याला तांब्याची नळी गुंडाळून चांगलं स्वच्छ पाणी कढत करून दाखवलं होतं. आता रस्त्याखालून एक नळ पलीकडे न्यायचा, एवढंच राहिलं होतं.

मालक म्हणाले, "आपण कापड विणतो. पाणी तापवणं आपलं काम नव्हे."

"इंजिन तुम्हाला विचारून तापतं का?"

यावर मालक हसले की चिडले, ते भिंतीनं मला कळू दिलं नाही. पण बाकीच्यांनी हो म्हटलं तर न्या, असं शेवटी कबूल झाले.

मग भाऊजींच्या चपला झिजल्या. रस्त्याच्या कचेरीतले म्हणाले, पिण्याच्या पाण्यासाठी खोदू देतो, तारेसाठी देतो, हे गरम पाणी कुठल्या खात्यात बसवू? डॉक्टरीणबाई भल्या. पण त्यांनीही विचारलं, तुमचं इंजिन बंद पडलं तर बाळांना काय सांगू? म्हणजे आमचं यंत्रही ठेवायचं आणि तुमचा नळही पोसायचा. खोटं कुणीच बोलत नव्हतं, तीच पंचाईत.

घरात हे म्हणाले, सोड आता. भाऊजींनी सोडलं नाही, हातगाडी काढली. झाकणाचे डबे भरून रोज सकाळी पलीकडे. पहिल्याच दिवशी ट्रकांच्या रांगेपुढे खोळंबून पाणी वाटेत कोमट झालं. नर्सबाईंनी विचारलं, "फुंकर मारत आणलंत का?" मग मी जुन्या चादरींत कापूस भरून डब्यांना अंगरखे शिवले. शेजारणी म्हणायच्या, बाळं तिकडे आणि झबली डब्यांना!

पुढे कित्येक वर्षं भाऊजीच नळ झाले. गाडी दिसली की ट्रकवाले थांबायचे. नर्सबाई पाण्यात कोपर बुडवून "चालेल" म्हणेपर्यंत भाऊजी हलायचे नाहीत. इंजिन बंद राहणार असलं की आदल्या दिवशीच सांगून यायचे, म्हणजे तिकडचं यंत्र वेळेवर पेटेल. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न त्यांनी कधी फेटाळला नाही, उलट असा रोज सांभाळला.

मग गिरणीनं बाहेरून वीज घेतली आणि इंजिन मोडीत काढायचं ठरलं. शेवटच्या सकाळी भाऊजींनी डबे भरले, अंगरखे चढवले, रस्ता ओलांडला. नर्सबाईंनी कोपर बुडवलं.

"चालेल."

"उद्या इंजिन बंद आहे," भाऊजी म्हणाले. "यंत्र पेटवून ठेवा."

परत येऊन त्यांनी डबे धुऊन पालथे घातले आणि अंगरखे दोरीवर वाळत टाकले.