सुनीतानं विचारलं होतं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

सुनीता माझी धाकटी जाऊ. माहेर चुडाव्याचं. पेडगावला आमच्या घरात आली तेव्हा हसरी, कामाला चपळ. तिची पाळी तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही. हनुवटीवर राठ केस. न्हाणीत आरसा नेऊन ती चिमट्यानं उपटायची. मला दिसायचं. आणि कळायचंही — कसं कळणार नाही?

मला तेच होतं. लग्नाआधी, परभणीत डी.एड. करताना. सोनोग्राफीत डॉक्टरबाईंनी दाखवलं होतं — दोन्ही बीजकोशांत बारीक बारीक पाण्याच्या गाठी, बीज वेळेवर सुटतच नाही. घाबरू नकोस म्हणाल्या. रोज चाल, वजन उतरव, गोळ्या घे. मूल हवं असेल तेव्हा त्याचंही औषध आहे. आईनं बजावलं, सासरी कळू देऊ नको. नाही कळू दिलं. शाळेच्या पर्समध्ये गोळ्या ठेवायची मी. मला मुलगी झाली.

सुनीताला मात्र तीन वर्षं दिवस गेले नाहीत. सासूबाई तोंडावर वांझ म्हणू लागल्या. शेजारच्या डोहाळजेवणाला तिला जाऊ देईनात. त्याच दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "ताई, तुमाला कवा असं झालतं का? पाळी लांबायची का?"

एक 'हो' पुरला असता. पण मग मीही तिच्याच रांगेत बसले असते ना? आणि खरं सांगू — घरातली चांगली सून म्हणवून घेणं मला आवडायला लागलं होतं.

"न्हाई गं," मी म्हणाले. "मला कवाच न्हाई."

दिवाळीला ती माहेरी गेली. आणायला कुणी गेलं नाही. सोडचिठ्ठी झाली. दिराचं दुसरं लग्न लागलं — नव्या जावेची ओटी मीच भरली.

पुढं वर्षभरानं सुनीताचा फोन आला. गावातल्या नर्सबाईंनी तिला तपासणीला पाठवलं होतं.

"ताई, लय बायांना असतंय म्हणं हे. औषध हाय म्हणं. आपल्या घरात कुणालाच कसं म्हाईत नव्हतं वो?"

आवाजात राग नव्हता. नुसतं नवल. तेव्हा तरी बोलायचं होतं ना?

"हो ना गं," मी म्हणाले. "कुणालाच म्हाईत नव्हतं."