स्क्रीन जशीच्या तशी

जगात आलेला माणूस काही ना काही खूण मागे ठेवून जातो. आमच्या गडचिरोलीच्या ऑफिसातले सर्व्हर सांभाळणारे भाऊ मात्र खूण पुसल्याशिवाय कुठलाच उंबरठा ओलांडत नसत. जंगलात डबापार्टी झाली, की चुलीचे दगड जिथून उचलले तिथे नेऊन ठेवायचे आणि राखेवर पालापाचोळा पसरायचे. चामोर्शीच्या बाजारात वांगी निवडून झाली, की ढीग पहिल्यासारखा रचून द्यायचे. वांगेवाली हात जोडायची. एकदा माझ्या घरी मॅच बघायला आले. ऐन शेवटच्या षटकात त्यांना घरून फोन आला. निघताना त्यांनी खुर्ची भिंतीला लावली आणि टीव्हीवर चक्क सासू-सुनेची मालिका लावून दिली. "भाऊ, म्याच पाहून राह्यलो ना आमी!" मी ओरडलो. "मी आलो तवा हेच चालू होतं," म्हणाले आणि चपला घालून गेले.

हा गुण त्यांनी पेजरकडून उचलला, अशी माझी खात्री आहे. पेजर म्हणजे कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत लांबलचक फाइल पानापानाने दाखवणारा प्रोग्राम. उघडताना तो तुमची स्क्रीन अलगद बाजूला ठेवतो, स्वतःची कोरी मांडतो. क्यू दाबून बाहेर पडलात, की तुमची जशीच्या तशी परत. हे सांगताना भाऊ डोळे मिटून मान डोलवायचे. माझं डोकं फिरायचं, कारण फाइलमधली कमांड वाचून टाइप करायला बाहेर यावं, तर ती गायब! मी पडलो विसरभोळा, दिवसभर आत-बाहेर. सेटिंगमध्ये एक्स हे एक अक्षर घातलं तर मजकूर मागे राहतो, पण सेटिंग भाऊंच्या ताब्यात. "राहू द्या ना भाऊ, का बिघडते?" "पंगत उठली का पत्रावळ उचलाच लागते गा. उष्टं काऊन ठेवाचं?"

मग त्यांची सिरोंच्याला बदली झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, कॅलेंडर काढलं आणि ते रुजू झाले तेव्हा तिथे असलेली मोडकी खुर्ची अडगळीतून शोधून जागेवर आणून ठेवली. आम्ही पोट धरून हसलो. मला मात्र आतून राग आला होता. इतकी वर्षं एकत्र चहा प्यायलो आणि हा माणूस मागे काहीच ठेवणार नाही!

दुसऱ्या दिवशी सवयीने फाइल उघडली, क्यू दाबलं. मजकूर जागचा हलला नाही. मी लगेच फोन लावला.

"भाऊ, मजकूर तसाच हाय!"

"असू दे गा. तुले आठवत नाई ना काई," ते म्हणाले. "तेवढं एक राहू देलो."

मी त्या मोडक्या खुर्चीवर जपून बसलो. संध्याकाळपर्यंत ती स्क्रीन काही पुसवली नाही.