शेकायची पिशवी

माझ्या थोरल्या जाऊबाईंसारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या गेल्या, तरी माझा राग काही गेलेला नाही.

इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांची उभी हयात गेली. वाफाळत्या पाण्यातून चादरी उपसायच्या, पिळायच्या, पुन्हा उपसायच्या. हात असे निबर झाले होते की गॅसवरचं पातेलं बाई नुसत्या बोटांनी उतरवायच्या. आम्ही चिडवायचो, या घरात चिमटा विकत आणायची गरजच नाही म्हणून. त्याही हसायच्या.

त्याच हातांनी घात केला. सासूबाईंची एक बाजू अर्धांगवायूनं लुळी पडली होती. त्यांचं हगणंमुतणं सगळं जाऊबाईच काढायच्या. मी आपली नावाला. थंडीचे दिवस होते. जाऊबाईंनी शेकायची पिशवी भरली, नेहमीसारखी तळहातानं चाचपली आणि सासूबाईंच्या लुळ्या पायाशी ठेवली. तळहाताला कळलं नाही, पायालाही कळलं नाही. पांघरूण काढलं तेव्हा पोटरीची कातडी पिशवीला चिकटून आली. जखम चिघळली आणि त्यातच सासूबाई गेल्या. नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, भाजून मारलं माझ्या आईला.

तेव्हापासून त्यांनी ऊबच टाकली. आंघोळ गार पाण्यानं, झोप उघड्या फरशीवर, भर थंडीत अंगावर स्वेटर नाही. दीर सांगून सांगून थकले. मी तर भांडले, अंगावर शाल फेकली. सकाळी तिची नीट घडी माझ्या उशाशी.

आणि लोकांच्या बाबतीत? धुलाईघरातल्या एका नव्या मुलीनं न बघता वाफेचा नळ सोडला आणि दुसरीचा हात भाजला. सगळ्याजणी हिला हाकला म्हणून हटून बसल्या. जाऊबाई मध्ये पडल्या. त्या पोरीला घरी आणलं, पुढ्यात ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "चूक झाली तुझ्या हातून. म्हणून तू वाईट होत नाहीस. जेव आता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगी गेल्यावर मी म्हटलं, "हेच एकदा स्वतःला सांगा की."

"तिनं जिला भाजलं ती जिवंत आहे," त्या म्हणाल्या आणि ताट उचलून मोरीत गेल्या.

पुढच्या थंडीत त्यांची छाती भरली. तरी फरशी सुटेना. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आम्ही त्यांना घरी आणलं, पलंगावर निजवलं. पाय थंडगार पडले होते. मी पिशवी भरली, गालाला लावून पाहिली, पुन्हा पाहिली. मग ती मांडीवर घेऊन पलंगाशी बसले. मला रडूच आवरेना.

"जाऊबाई, एकदाच ठेवू द्या. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

त्यांनी डोळे मिटूनच होकारार्थी मान हलवली. मी घाईघाईनं पिशवीला टॉवेल गुंडाळायला लागले.

"छान लागतेय गं ऊब," त्या पुटपुटल्या. "रडू नकोस आता."

जाता जाताही बाईंनी माझंच मन राखलं. पिशवी अजून माझ्या मांडीवरच होती.