शिनिअर जाऊबाई

माझी थोरली जाऊ माझ्यापेक्षा वयाने लहान होती. भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची, पहिली बायको बाळंतपणात गेली. मग ही आली, माझ्या पाठची बहीण शोभेल अशी. पण मान थोरलीचा. संक्रांतीला मी पाया पडायला वाकले की ती पाय लुगड्यात ओढून घ्यायची. "राहू द्या ना बाई, मले कसंतरीच होते."

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. माझे मालक आधी येऊन भट्टीवर लागले. भासरे भंडाऱ्याकडची शेती सोडून मागाहून आले, ते त्याच भट्टीवर, धाकट्या भावाच्या हाताखाली. सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं राहत होतो. घरी पहिलं ताट भासऱ्यांचं. ड्युटीवर मात्र ते भावाला सर म्हणायचे.

एकदा भाजी निवडताना जाऊबाईने विचारलं, "बाई, शिनिअर म्हणजे काय व्हय? हे म्हणतात, आपला धाकटा बाबू शिनिअर हाय."

मला तरी कुठे ठाऊक! शेजारी एक बंगाली बाई राहायच्या, शाळेत इंग्रजी शिकवायच्या. दोघी त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, "लॅटिन का शब्द है. असल मतलब बस इतना, उम्र में बड़ा. ओहदे की बात बाद में जुड़ी. और ये 'सर' भी उसी से निकला है."

बाहेर येताच जाऊबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. "म्हंजे हे थोरले असून धाकट्याले थोरला म्हणून राहिले!" मग एकदम थांबली. "तसं पाह्यलं तर तुमीच माह्या शिनिअर." आणि मुरमाच्या रस्त्यावर तिने मला वाकून नमस्कार केला. मी तिचे खांदे धरले, तेव्हा ते हसण्याने हलत होते. त्या दिवसापासून घरात कोणी नसलं की ती मला सर म्हणायची.

पुरुषांना मात्र ते जड जात होतं. "दादाले काम सांगताना माही जीभ उचलत नाही," मालक म्हणायचे. शेवटी भासऱ्यांनीच कारखान्याच्या नंदिनीतल्या चुनखडीच्या खाणीत बदली मागून घेतली. "तिकडं कोणी माहा भाऊ नाही, काम बरं जाईल," ते शांतपणे म्हणाले. राग नव्हता. बिऱ्हाड ट्रकवर चढलं. जाऊबाई शेगडीशेजारी बसून राहिली होती, तिला हात धरून उठवावं लागलं.

नंदिनी काही लांब नाही. सणाला आम्ही भेटायचो, पण मध्ये पोरंबाळं, पंगती, पुरुषांच्या गप्पा. दोघींना हवा तसा स्वयंपाकघरातला निवांतपणा पुन्हा मिळाला नाही. परतीची बस लवकर सुटायची. बोलणं अर्धंच राहायचं, आणि खिडकीशी बसून मी ते मनातल्या मनात तिच्याशी पुरं करत यायचे.