खाली बसणारीचा टीव्ही

लोणीच्या त्या घरी मी गेले ती काकूंच्या गुडघ्यांमुळे. पुण्यात त्यांचे दोन्ही गुडघे बदलले होते. घरात त्या आणि काका दोघंच. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याला स्वयंपाक करणारी आणि आईजवळ राहणारी बाई हवी होती. आमच्या गावातल्या ओळखीने माझा नंबर त्याच्यापर्यंत गेला. फोनवर तो म्हणाला, "आई हिंडाफिरायला लागेपर्यंत राहा, ताई." मी लगेच हो म्हणाले. 'लागेपर्यंत' म्हणजे किती, हे तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि मग तो शब्द डोक्यात बसला तो बसलाच.

माझं घर तळेघरच्या वरच्या अंगाला. तालुका एकच, पण घरून लोणीला यायचं म्हणजे आधी पायी उतरायचं, मग घोडेगावची गाडी, मग मंचरची, मग पुढची. शिनोली गेली की डोंगर मागे पडतात आणि मला उगाच कसंतरी व्हायला लागतं. आमच्याकडे भात आणि नाचणी, इथे बाजरी आणि कांदा. तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी करणारा माझा हात, बाजरीला पहिले काही दिवस लागलाच नाही. कडा फाटायच्या. काकू खुर्चीत बसून सांगायच्या, "सगळं पीठ एकदम भिजवू नको गं. एका भाकरीपुरतं घे आन रगड." कधी चिडल्या नाहीत. फाटकी भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि चांगली काकांना वाढायला लावायच्या.

मी सातवीनंतर शाळा सोडली. पुढची शाळा लांब होती आणि रानातल्या वाटेने एकट्या मुलीला कोण पाठवणार. माझ्या मुलीला मात्र घोडेगावला वसतिगृहात ठेवलं आहे. हे काम सुटलं तर तिला वर परत यावं लागेल, एवढं मला कळत होतं. त्यामुळे काकू वॉकर घेऊन चार पावलं टाकायच्या तेव्हा मला आनंद व्हायचा आणि भीतीही वाटायची. दोन्ही एकदमच.

टीव्हीचं काकांमुळे निघालं. हॉलमधला मोठा टीव्ही काकांचा. बाजारभाव, बातम्या, क्रिकेट. काकू दिवसभर स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायच्या, कारण मी तिथे असायची आणि बोलायला कुणी नसलं की त्यांना करमायचं नाही. मुलाने परस्पर ठरवलं, आईला स्वयंपाकघरात छोटा टीव्ही घ्यायचा. मला वाटलं, झालं. सोबतीला टीव्ही आला म्हणजे माणसाची गरज तेवढी कमी झाली.

मंचरच्या दुकानात काकू मला घेऊन गेल्या. काका गाडीतच बसून राहिले. दुकानदाराने आधी मोठे सेट दाखवले. काकू म्हणाल्या, "भाऊ, आमाला पिच्चर टाकायचा न्हाई. फ्रीज आन खिडकी सोडून जेवढी भित ऱ्हाती तेवढ्यात बसंल असा दे." भिंत त्यांनी घरूनच माझ्या हाताने वितीने मोजून आणली होती. दुकानदाराने टेप काढला, माझी वीत मोजली आणि हसत चोवीस इंची सेट पुढे केला. तशातले तीन होते. चित्र तिन्हींचं छान दिसत होतं.

मग काकू मला म्हणाल्या, "खाली बस."

मला कळेना. "कुठं?"

"हितं. फरशीवर. भाकरीला बसतीस तशी बस."

दुकानात माणसं होती. एक नवरा-बायको वॉशिंग मशीन बघत होते. मी पदर सावरून खाली बसले.

"काकू, टीव्ही घ्यायला आलाय का भाकरी टाकायला?" दुकानदार म्हणाला. "सांगा, परात मागवतो."

"परात आमच्या घरी हाय. तू टीव्ही लाव." काकू मला म्हणाल्या, "दिसतंय का?"

दिसत नव्हतं. म्हणजे वरून बघताना जे चित्र स्वच्छ होतं ते खालून काळपट दिसायला लागलं, माणसांची तोंडं ओळखू येईनात. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्यासमोर सरकून बसले, तो खालूनही नीट दिसला. दुकानदार म्हणाला की त्याचा पडदा वेगळा आहे, कुठूनही बघा सारखाच दिसतो, पण गिऱ्हाईक सहसा उभ्यानेच बघतं, म्हणून कुणी विचारत नाही. काकूंनी तोच घेतला. "जी कोण खाली बसंल तिला दिसलं पायजे," त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत मी खोका धरून बसले होते. काकूंचं मन मोठं आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण 'जी कोण' म्हणजे माझ्यानंतर येईल ती, असंच मी धरलं.

बसवायला आलेला मेकॅनिक म्हणाला, "फ्रीजच्या वर लावू, दिसायला भारी." काकूंनी नाही म्हटलं. त्यांनी मला खाली मांडलेल्या गॅसच्या शेगडीपाशी बसवलं, माझ्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर बोट टेकवलं आणि तिथे भोक पाडायला लावलं. इतक्या खाली लावलेला टीव्ही बघून काका म्हणाले, "मांजराला दाखवायचाय का?"

टीव्ही वापरणं सोपं नव्हतं. फोडणीचे शिंतोडे पडद्यावर उडायचे. मी आधी ओल्या फडक्याने पुसायची, तर पांढरे ओघळ राहायचे. मग मेकॅनिकने सांगितलं तसं कोरडं मऊ फडकं ठेवलं. फोडणी घालताना वर जुना टॉवेल टाकायचा आणि नंतर काढायचा. मिक्सर लावला की कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही, मग मधलं काय झालं ते काकू ओठांवरून ठरवून सांगायच्या. त्यांना हिंदी मालिका आवडायची. मला हिंदी कमी कळायचं, पण सासू वाईट आहे हे कळायला भाषा लागत नाही. काकू म्हणायच्या, "बघ, अशी सासू असती तर तू कवाच पळाली असतीस." मी म्हणायचे, "पळून जायला गाडी कुठंय आमच्याकडं?" दोघी हसायचो. हळूहळू काकाही संध्याकाळी दारात येऊन उभे राहायला लागले. स्वयंपाकघरात यायचं म्हणजे त्यांना काहीतरी निमित्त लागायचं. पाणी मागायचे आणि पेला हातात धरून अर्धी मालिका बघायचे.

मग एका रविवारी मुलगा आला. काकू वॉकर न घेता गोठ्यापर्यंत जाऊन आल्या. तो खुश झाला. म्हणाला, "आई, तू तर पळायला लागलीस." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आता ताईंचं काम हलकं झालं." त्याने सहजच म्हटलं. पण मी त्या रात्री नीट जेवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी परात फिरवली. टीव्हीकडे पाठ करून भाकरीला बसायला लागले. माझ्या डोक्यात एवढंच होतं की, कुणी बघितलं तर मी टीव्ही बघताना दिसायला नको. बसल्या बसल्या मालिका बघणारी बाई कशाला ठेवायची, असं कुणी म्हणायला नको. काकूंनी काही विचारलं तर मान न वळवता हं म्हणायचे. चार दिवस असे गेले. काकूंनी आवाज वाढवला, मग कमी केला, मग पाचव्या दिवशी टीव्ही बंद केला.

"तुला आवडत न्हाई का ह्यो टीव्ही?"

"आवडतो की."

"मग पाठ का करतीस त्याला?"

काय सांगणार. मी म्हणाले, "आमच्याकडं उगवतीला तोंड करून भाकरी करतात." हे खरंच होतं. आमच्या घरी चूलच तशी मांडलेली आहे. आईने मला पहिली भाकरी शिकवली तेव्हा आधी तोंड कुठे करायचं ते शिकवलं. लोणीला शेगडी उलटी होती, पण परक्या घरी कुठे सांगत बसायचं, म्हणून इतके महिने मी मावळतीला तोंड करूनच भाकरी करत होते.

काकू म्हणाल्या, "आगं, मग आधी का न्हाई सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक परत आला. उगवतीच्या भिंतीला धान्याची कोठी होती. ती काका आणि मेकॅनिकने ढकलत मागच्या खोलीत नेली. शेगडीची नळी लांब करावी लागली. हे सगळं चाललं असताना मुलाचा फोन आला. काकूंना फोन कानाला धरायला आवडत नाही, त्या स्पीकर लावतात. मी ओट्याशी कांदा चिरत होते.

"आई, परत भिंत कशाला फोडतेस? तू आता बरी झालीस. थोड्या दिवसांसाठी एवढा खटाटोप?"

"थोड्या दिवसांसाठी कोन म्हनलं?"

"ताई काय कायमच्या थोड्याच..."

"हे बघ," काकू म्हणाल्या, "मी चालते. पन डॉक्टर काय म्हनला? जन्मात खाली बसायचं न्हाई. आन तुझ्या बापाला उभ्यानं केलेली भाकरी चालत न्हाई. मग खाली कोन बसनार? तू येतोस का?"

पलीकडे मुलगा हसला. काका कोठीला टेकून उभे होते, ते म्हणाले, "त्याची भाकरी मी न्हाई खाणार."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या. "ती ऱ्हाणार हाय. तिला ऱ्हायचं असंल तर." आणि फोन तसाच ठेवून माझ्याकडे वळल्या. "ऱ्हाणार हायेस ना? का मीच एकटी ठरवून बसलेय?"

मी हो म्हणाले. कांदा होता हातात, ते बरं झालं.

मेकॅनिकने टीव्ही उगवतीच्या भिंतीला धरला, पेन्सिलने खूण केली आणि मला विचारलं, "ताई, एकदा बसून दाखवा, उंची बरोबर हाय का?" मी बसले. उगवतीला तोंड करून, परात पुढे ओढून. एक बोट खाली घ्या म्हणाले. कुणाला न विचारता असं सांगायची माझी ती पहिलीच वेळ. त्याने पेन्सिलची खूण पुसली आणि एक बोट खाली नवीन केली.

संध्याकाळी मुलीला फोन लावला. वसतिगृहाचा पुढच्या वर्षाचा अर्ज भर म्हणाले. "आई, नक्की ना?" तिने विचारलं. मी नक्की म्हणाले, आणि तव्यावरची भाकरी उलटायला गेले.