पहिल्या उन्हाळ्याचा मुरंबा

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

चष्मा नाकाच्या टोकावर ओढून बाई हा प्रश्न विचारायच्या, तेव्हा भल्याभल्या शास्त्रज्ञांची बोबडी वळायची. जपानात, त्सुकुबातल्या आमच्या संस्थेत जपानी संशोधकांच्या लेखांचं इंग्रजी तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. पण इंग्रजीवर थांबतील तर शपथ! "हे सर्वमान्य आहे" असं कुणी लिहिलं की समासात हिरव्या शाईत तोच प्रश्न उमटायचा.

बाई अमेरिकन, साठीच्या पुढच्या आणि हाडाच्या संशयी. हवामान खात्याने ऊन सांगितलं की त्या छत्री घेऊन निघायच्या. इथे कचरा वेगवेगळा करून ठेवावा लागतो, हे तुम्ही ऐकलं असेल. कचरागाडी पुढे जाऊन तो सगळा एकत्र तर करत नाही ना, हे बघायला बाई एकदा सायकलवरून तिच्यामागे गेल्या होत्या. "नाही करत," परत येऊन त्या म्हणाल्या. आवाजात थोडी निराशाच होती.

अशा बाईंचा एका गोष्टीवर मात्र गाढ विश्वास होता. त्यांची खापरपणजी चेरोकी होती. चेरोकी ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी एक जमात. एकोणिसाव्या शतकात त्यांना जॉर्जियातल्या घरादारांतून उठवून, सैनिकांच्या पहाऱ्यात दूर पश्चिमेला हाकललं गेलं. "आमच्याकडे घरोघरी एक चेरोकी आजी निघते," बाई म्हणायच्या. "बहुतेक थापाच असतात. आमची खरी आहे."

बाईंच्या निळ्या डोळ्यांकडे बघून मला शंका यायची, पण बोलायची छाती नव्हती. तिकडे त्यांची नव्वदीची आई वृद्धाश्रमात वाट बघत होती. त्या पूर्वजेचं चेरोकी नाव मरायच्या आधी कळावं आणि आपल्या थडग्यावर कोरलं जावं, एवढीच म्हातारीची इच्छा. बाई वर्षानुवर्षं जुनी दफ्तरं धुंडाळत होत्या. खापरपणजी चेरोकींच्या कुठल्याच नोंदीत सापडत नव्हती. मग संशय कुणावर? तर नोंदी करणाऱ्या कारकुनांवर.

बाईंच्या भाड्याच्या घरामागे त्यांनी स्वतः लावलेलं पीचचं झाड होतं. एका रविवारी त्यांनी मला आणि माझ्या बायकोला मुरंबा खायला बोलावलं. मृणाल देवगडची, आंब्याच्या कलमांत वाढलेली. झाड दिसलं की तिच्या चौकशा सुरू. "फळ कधी धरलं हो?"

"चौथ्या वर्षी," बाई म्हणाल्या. "तोवर येता-जाता शिव्या घालत होते."

मुरंबा वाढताना त्या घरची गोष्ट सांगू लागल्या. ही कृती खापरपणजीची. खापरपणजोबांनी रान तोडून घर बांधलं, ती लग्न होऊन त्या नव्या घरात आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात दारच्या पीचचा हंडाभर मुरंबा केला. पीचच्या बागा चेरोकींच्या, म्हणजे ती चेरोकीच, हा बाईंचा पुरावा.

"पहिल्याच उन्हाळ्यात?" मृणाल बोट चाटत म्हणाली. "मग झाडं कोणी लावली होती?"

तिने सहज विचारलं होतं. बाईंचा चमचा हातातच राहिला. जगातल्या प्रत्येक गोष्टीला विचारलेला प्रश्न त्यांनी या एका गोष्टीला कधी विचारला नव्हता. आम्ही निघताना मुरंब्याची बरणी द्यायलाही त्या विसरल्या.

काही महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"जमिनीची जुनी दफ्तरं काढली. रान वगैरे काही तोडलं नव्हतं. चेरोकींची नांदती शेतं सरकारने सोडत काढून गोऱ्यांना वाटली. आमच्या खापरपणजोबांचा नंबर लागला. घर, विहीर, झाडं, सगळ्यासकट. खापरपणजीही गोरीच होती."

"आईंना सांगितलंत?"

"काल फोनवर सांगितलं. ती म्हणाली, 'हे तुला कोणी सांगितलं?'"

बाईंचा प्रश्न कुठून आला होता ते मला तेव्हा कळलं. हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते दाबलं.

"मग?"

"मी सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, 'तर मग जिने झाडं लावली तिचं नाव शोध. थडग्यावर नको. नुसतं मला सांग.' चेरोकींमध्ये घर, शेत बाईचंच असायचं. म्हणजे कुणीतरी बाईच असणार."

पुढच्या वसंतात बाई नोकरी सोडून अमेरिकेला गेल्या. वर्षभराने त्यांची आई गेल्याचं कळलं. नाव वेळेत सापडलं का, हे मला विचारवलं नाही, आणि त्यांनीही कळवलं नाही. ऑफिसात आता लेख बिनबोभाट पुढे जातात. खरं सांगतो, मला करमत नाही.

त्यांच्या रिकाम्या घरात घरमालकाच्या परवानगीने आम्ही राहायला आलो. पहिल्याच उन्हाळ्यात मागचं झाड फळांनी वाकलं. मृणालने बरण्या भरभरून मुरंबा केला. गणपतीला इथली मराठी मंडळी जमली, पोळीबरोबर मुरंब्यावर ताव मारून कौतुकाने म्हणाली, "वा, घरच्या झाडाचा! कधी लावलंत?"

"आम्ही नाही लावलं," मृणाल म्हणाली.

मग मी सगळ्यांना बाईंचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.