सीमा पुसणारा कवी

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी कार्यवाह असताना हा कवी-गायक एकदाच येऊन गेला. अंगात कच्छी भरतकामाचं जाकीट, गळ्यात तिबेटी मणी, हातात गिटार आणि शेजारी आफ्रिकेतला ढोल.

"मी संगीतातल्या सीमा पुसतो," असं सांगून त्यानं त्या कशा पुसतो हे समजावण्यात पाऊण तास घालवला. बोलताना तो डोळे मिटायचा आणि उघडेपर्यंत आणखी चार खुर्च्या रिकाम्या झालेल्या असायच्या. मग स्वतःच्या अभंगात अरबी आलाप घालताना गिटारची तार तुटली.

"आता काय करू?" त्यानं मला हळूच विचारलं.

"एखादी कविता म्हणा."

त्यानं घाबरत खिशातून कागद काढला. कविता आईवर होती. इथल्याच प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ती भाजीवाल्याशी गुजरातीत भांडायची, देवाशी मराठीत, आणि पोळ्या लाटताना दोन्हीकडची गाणी एकाच चालीत गुणगुणायची. त्यानं तिच्याच चालीवर कविता म्हटली. निघालेले लोक दारात थांबले. माझ्या शेजारच्या गुजराती बेन डोळे पुसत म्हणाल्या, "मारी बा पण आवुं ज गाती." त्यांची आईही असंच गायची म्हणे.

कार्यक्रमानंतर तो पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आला.

"माफ करा साहेब, आज सगळं फारच घरगुती झालं. पुढच्या वेळी परदेशातला बासरीवाला आणतो."

त्याला खरं सांगावंसं मला वाटलं. पण निमंत्रणपत्रिकेवर 'विश्वसंगीत' हा शब्द मीच छापून घेतला होता.

"जरूर आणा," मी म्हणालो.